खांड गेलेली खारजमीन : बांध परत घालायचा, जिताड्याचं तळं करायचं की नाद सोडायचा? (अलिबाग खारेपाट)

खारेपाटकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक झालंय, पण मधलं काही गाळता येईना म्हणून सगळंच लिहितो.

गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. मी नोकरीला पनवेलला, गावी आई-बाबा. वडिलोपार्जित खारजमीन (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली भातजमीन) ६२ गुंठे, सगळी खाडीच्या बाजूला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा बाहेरकाठ्याला (खाडीलगतच्या बाहेरच्या बांधाला) चीर पडली, ती कोणी मनावर घेतली नाही. मग जुलैमधे गुरुपौर्णिमेच्या उधाणाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं. सुरवातीला दहाएक फूट होती, चार पोरं आणि दोन ट्रॉल्या माती असती तर त्याच ओहोटीला बुजली असती असं बाबा अजून म्हणतात. आता ती चाळीस फुटांच्या वर गेलीये आणि तिच्यातून होडी आत येते. खारभूमीच्या ऑफिसात अर्ज केले, पंचनामा झाला, 'एस्टिमेट वर पाठवलंय' हे उत्तर तिसऱ्या वर्षी पण तेच.

आजची परिस्थिती अशी की खालच्या अंगाच्या २५ गुंठ्यात तिवरं (कांदळवन) उगवलीत, काही छातीपर्यंत आली. वरच्या ३७ गुंठ्यात झाडं नाहीत, पण मोठ्या उधाणाला पाणी येऊन जातं आणि एप्रिलमधे जमिनीवर पांढरी खपली धरते, चपलेखाली कुरकुर वाजते. ह्या दोन भागांच्या मधे एक जुना गुडघाभर बांध आहे, जागोजागी दबलेला. घरची विहीर पूर्वी मेपर्यंत गोडी असायची, आता होळीनंतर मचूळ लागते, चहा फाटतो.

घरात चार डोकी चार मतं. काका म्हणतात मुरुमाचा भराव टाकून जागा वर काढू, चुलत भाऊ म्हणतो जिताडा माशाचं तळं खण, बाबांना भातच लावायचंय, आणि एजंट दर महिन्याला फोन करतो. बाबांनी बांधाजवळ एक बांबू रोवलाय आणि दर मोठ्या उधाणाला पाणी चढेल तिथे खिळा मारतात. ७१ वय आहे, चिखलात मांडीपर्यंत जातात, ऐकत नाहीत.

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलंय किंवा करून फसलेत त्यांनी लिहा. 'क्लायमेट चेंजमुळे होतंय' हे आम्हाला पण कळतं, पुढे काय करायचं ते सांगा.

जुनी_उघाडी

मी पेणकडचा, आमची पण खारजमीन आहे, आणि खांड आमची पण गेली होती, फरक एवढाच की आम्ही त्याच पंधरवड्यात बुजवली. खांडीचं गणित असं असतं की प्रत्येक भरती-ओहोटीला तेच पाणी आत-बाहेर करतं आणि दर खेपेला कडा खातं. पहिल्या आठवड्यात फावड्याचं काम, दुसऱ्या महिन्यात पोकलेनचं, आणि तिसऱ्या वर्षी कोर्टाचं.

कोर्टाचं का ते आधी सांगतो म्हणजे काकांचा भराव डोक्यातून जाईल. २५ गुंठे म्हणजे साधारण अडीच हजार चौरस मीटर कांदळवन झालं. सातबारा तुमचा असला तरी सप्टेंबर २०१८ च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालानंतर मालकी कोणाची हा मुद्दाच राहत नाही, तोडता येत नाही, भराव टाकता येत नाही, बांध घालून पाणी तोडून मारता पण येत नाही. कांदळवनाच्या कडेच्या ५० मीटर पट्ट्याचा पण प्रश्न येतो, तो तहसीलमधून लेखी विचारून घ्या, तोंडी कोणाचं ऐकू नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी भराव टाकला की शेजाऱ्याचं पावसाचं पाणी जाणार कुठे? तुमची जागा वर आणि अख्खी वाडी पाण्यात. भाऊबंदकीला तेवढंच कारण पुरतं.

आता बांध. लोकांना वाटतं खारभूमी म्हणजे बांध, आणि समुद्र वर आला की बांध उंच करायचा. अर्धं खरं आहे. १९०१ ते २०१८ मधे जगभरात समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वर आला, म्हणजे जवळजवळ वीतभर, आणि २००६ पासून वर्षाला ३.७ मिलिमीटरने चढतोय. आपल्या आजोबांनी उधाणाच्या वर हातभर उंची ठेवून बांध घातले, त्यातली वीत अशीच गेली, वर बांध स्वतः दबला तो वेगळा. पण खरी गोची उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी काढायच्या दाराची आहे. उघाडीची झडप खाडीच्या बाजूला उघडते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं, माणूस लागत नाही. म्हणजे आतलं पाणी काढायला तुम्हाला दर ओहोटीचे चारपाच तास मिळतात. खाडीची पातळी वर आली की हे तास कमी होतात, आणि पाऊस मात्र पूर्वी आठवड्यात पडायचा तो आता दीड दिवसात पडतो. त्यात उधाण आलं की झडप उघडतच नाही आणि भात गोड्या पाण्यात बुडून कुजतं. तुमची खांड गेली तोच आठवडा आठवा, २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि २४ ला गुरुपौर्णिमा होती. वरून पूर आणि खालून उधाण एकाच वेळी.

म्हणून आमच्याकडे बांध दुरुस्त केला तेव्हा एकाच्या दोन उघाड्या केल्या, आणि आतला नाला जो तीस वर्षं कोणी उपसला नव्हता तो गाळ काढून रुंद केला. त्या वर्षीपासून भात बुडालं तरी तीन दिवसांत डोकं वर काढतं.

तुम्हाला माझा सल्ला असा की बाहेरकाठ्याच्या आशेवर बसू नका. तो बुजवला की तिवरांचं पाणी तुटतं, म्हणजे परत वरचाच कोर्टाचा प्रश्न. त्यापेक्षा मधला जुना बांध आहे तो उंच करा आणि ३७ गुंठे वाचवा. खालचे २५ खाडीला दिले समजा. बाबांना हे पटणार नाही, मला माहितीये, माझ्या वडलांना पण पटलं नव्हतं. अर्ज करताना 'जुन्या बांधाची दुरुस्ती' म्हणून करा, नवीन बांध म्हणून लिहिलंत की फाईल दुसऱ्याच टेबलावर जाते. परवानगी हातात आल्याशिवाय मशीन लावू नका.

माती बांधाच्या पायापासून लांबून घ्या, कांदळवनातली नको. पायालगत खणलंत की तिथे चर होतो आणि बांध त्यातच बसतो. आमच्याकडे एका ठेकेदाराने पोकलेनने नुसती सैल माती ओतून दिली, दाबली नाही, फोटो काढला, बिल काढलं, पहिल्या पावसात बांध फूटभर खाली. थर टाकून पायाने तुडवायला लागते ती, मधे पेंढा घालून. आणि मे महिन्यात चिंबोऱ्यांची बिळं बघायची, बोटाएवढ्या बिळातून सुरवात होते.

एक जुनी गोष्ट. खोत-सावकारांच्या काळात बांधबंदिस्ती त्यांच्या हुकमाने व्हायची, कुळं राबायची. १९३३ ते ३९ चरीचा शेतकऱ्यांचा संप ह्याच खारेपाटात झाला. मग कूळकायद्यात, १ एप्रिल १९५७ ला जमीन कसणाऱ्याची झाली, फार चांगलं झालं, फक्त बांध कोणाचा ते राहिलं. त्याच्या आधीच १९४८ चा खारजमिनीचा कायदा आला होता, पुढे १९७९ चा, आणि गावाने हात झटकले, 'सरकार बघेल'. सरकारचा बांध आणि कोणाच्याच बापाचा नाही.

तिठ्यावरचा

विकून टाका आणि मोकळे व्हा. तिकडे जमिनीला काय भाव चाललाय माहितीये ना? भात पिकवून गुंठ्याला काय सुटतं ते पण हिशोब करा एकदा.

खारेपाटकर

@तिठ्यावरचा, भाव माहितीये हो, एजंट मला रोज सांगतो. पण तो खारं पाणी शिरलेलं दाखवून भाव पाडतो आणि तीच जमीन पुढे कोणाला 'क्रीक व्ह्यू' म्हणून विकणार ते पण माहितीये. असो. विकायचं असतं तर इथे लिहिलं नसतं.

@जुनी_उघाडी, मधल्या बांधाचं डोक्यात आलंच नव्हतं. आज बाबांशी फोनवर बोललो, आधी भडकले, मग म्हणाले तो बांध त्यांच्या आज्याने घातलेला, तेव्हा तोच बाहेरचा होता!

रहू_आणि_आवण

दापोलीला कृषीला होतो, आता स्वतःची शेती करतो, त्यामुळे थोडं पुस्तकी थोडं चिखलातलं.

बांध झाला तरी पहिल्याच वर्षी साधं भात लावू नका, कितीही मोह झाला तरी. आधी माती परीक्षण, आणि नमुना मेमधे घ्या, पावसाळ्यात घेतलात तर मीठ धुतलेलं असतं आणि रिपोर्ट छान येतो. रिपोर्टमधे ईसी (मातीतल्या मिठाचं माप) बघायची. ४ च्या वर गेली की खारी जमीन म्हणतात, पण साध्या भाताला ३ पर्यंतच चालतं, तिथून पुढे एकेक अंकाला उत्पन्न साधारण १२ टक्के खाली येतं. म्हणजे ७ असेल तर अर्ध्यावर आलात. भाताला मीठ सगळ्यात जास्त बाधतं ते रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात, मधे ते बरंच सहन करतं.

उपाय आपल्या डोक्यावर पडतो, तीन हजार मिलिमीटर. जूनचा पहिला जोरदार पाऊस शेतात अडवायचा, पाणी दोनतीन दिवस उभं ठेवायचं, मग ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं, परत अडवायचं. असं चारपाच वेळा केलं की वरच्या थरातलं मीठ धुऊन जातं. घाईने पेरलेलं पहिल्या उघडिपीत जळतं. दुकानदार जिप्सम गळ्यात मारेल, घेऊ नका, ते चोपण (सोडियम जास्त झालेल्या) जमिनीला लागतं, आपल्याकडे खाडीचं मीठ आहे ते गोड्या पाण्याने निघतं.

बियाणं पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं घ्या, पनवेल १, २, ३ ह्याच कामासाठी काढलेत. जुने लोक काळा रत्ता, भुरा रत्ता लावायचे, लाल तांदूळ, उत्पन्न कमी पण मिठाला दाद देत नाही, आणि पेज काय लागते त्याची! बाबांना विचारा, गावात कोणाच्या कणगीत असेल तर मूठभर का होईना जपून ठेवा. खारीत रोप टाकून लावणी करायची झाली तर जरा जून रोप लावा, किंवा सरळ बियाण्याला मोड आणून रहू टाका (तेच बी शेतात फेकून पेरायचं), पण मीठ धुतल्यावरच.

आणि ऑगस्टची उघडीप. पूर्वी पण असायची, आता लांबते. वरून पाणी थांबलं की खालचं मीठ ओलीबरोबर वर चढतं आणि पातीची टोकं करपायला लागतात, बघताबघता आठवड्यात शेत पिवळं. त्यासाठी ३७ मधले तीनचार गुंठे देऊन वरच्या कोपऱ्यात शेततळं करा, पावसाचं पाणी साठवा, त्या आठवड्यात दोन पाणी दिलीत तर पीक हातात येतं. दिवाळीनंतर उरलं तर कडेला भाजी करा. तळं खोल करू नका हां, खाली गेलात की खारं लागेल, पसरट करा. आणि कापणीनंतर जमीन उघडी टाकू नका, पेंढा पसरा, ती पांढरी खपली उन्हानेच वर ओढली जाते.

हो, आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) दरवर्षी करा. पड म्हणून लागली की पुढच्या कुठल्याही पंचनाम्यात 'शेती नव्हतीच' असं उत्तर मिळतं.

कातळसडा

गुहागर तालुका. मी फक्त विहिरीचं बोलतो, भातातलं वरचे लोक जास्त जाणतात.

तुमच्या विहिरीच्या आसपास गेल्या पाचसात वर्षांत कोणी बोअर मारलीये का? बंगला, रिसॉर्ट, स्विमिंग पूल वगैरे? किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. हिशोब असा की समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर त्याच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं असतं. उलटं पण तेच, वरचं एक फूट उपसलंत की खालून खारं चाळीस फूट वर यायला बघतं. हे पुळणीतल्या (किनाऱ्याच्या वाळूतल्या) विहिरींना जास्त लागू, कातळात एवढं सरळ नसतं. पण आमच्या वाडीत हेच झालं, रहाट होते तोवर माड-पोफळी शिंपून पण पाणी गोडं होतं, कारण बैल दमायचा. पाच एचपीचा पंप दमत नाही. आम्ही शेवटी वाडीत ठरवलं की पंप सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, मधे विहिरीला भरू द्यायचं. भांडणं झाली, एकाने अजून बोलणं सोडलंय, पण विहीर परत एप्रिलपर्यंत आली.

दुसरं, वरून पाणी मुरवा. आमच्याकडे सड्यावर (वरच्या कातळपठारावर) जांभा, पाऊस पडतो तो जांभ्यातून झिरपतो, खाली चिकणमातीच्या थरावर अडकतो आणि कडेकडेने झऱ्याने बाहेर पडतो, डिसेंबरात सगळं खाडीत. म्हणून दिवाळी झाली की पऱ्यावर (ओढ्यावर) वनराई बंधारे घालतो, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाळू-माती भरून, मधे पानपाला. माझी एक तक्रार आहे. बंधारा घालायच्या दिवशी फोटोला पन्नास माणसं असतात आणि जानेवारीत गोणी फाटून पाणी गेलं की दोघं उरतात. आणि त्या गोण्यांची प्लास्टिकची लक्तरं पावसात खाडीत जातात, जाळ्यात अडकतात, कोळी शिव्या देतात आणि बरोबर देतात. मेमधे गोण्या काढून घ्यायच्या असतात, ते कोणी करत नाही.

तुमच्याकडे पऱ्या नसला तरी घराच्या कौलांवरचं पाणी पन्हळीने विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येईल. थेट विहिरीत सोडू नका, पहिल्या पावसात कौलावरची घाण असते. मात्र देशावरच्या योजनांसारखे डोंगर-उतारावर सरसकट चर खणायला कोणी आलं तर नको म्हणा. तिकडे पाऊस कमी, इकडे उतार तीव्र आणि माती पाणी पिऊन जड होते. २०२१ ला महाडजवळ तळियेत दरड कोसळून काय झालं ते बघून आमच्याकडचे लोक आता चर म्हटलं की घाबरतात. पाणी कुठे मुरवायचं आणि कुठून लवकर काढून द्यायचं हे कोकणात दोन्ही बघावं लागतं.

कुर्ल्या_आणि_कालवं

मालवणातसून लिहितंय, पण सगळ्यांका कळाक होया म्हणून साध्या मराठीत.

सगळे तिवरांना शत्रू समजून लिहिताय म्हणून राहवलं नाही. तुमचा मधला बांध उंच कराल ना, त्याच्यापुढे ते २५ गुंठे कांदळवन उभं असणं ही तुमची चांदी आहे. लाट त्या मुळांत मोडते, बांधाला लागते ती नुसती पाण्याची हालचाल. आमच्याकडे ज्या खाजणाच्या (खारजमिनीच्या) बांधापुढे झाडी आहे तो दरवर्षी डागडुजीवर निभावतो आणि जिथे झाडी तोडली तिथे दगडी पिचिंग करून पण ढासळतो. गावच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसं समजा आणि नारळ ठेवा.

उत्पन्नाचं म्हणाल तर २०१७ पासून राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आहे. खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातली मासेशेती असं त्यात येतं, गटाला ९० टक्के आणि एकट्या माणसाला ७५ टक्के मदत. झाडं न तोडता करायचं असतं. कुर्लीचं (तुमची चिंबोरी) फॅटनिंग हे सुरवातीला बरं, पोकळ कुर्ल्या घ्यायच्या, तीन-चार आठवडे खायला घालून भरवायच्या आणि विकायच्या. पण पाट्या ठेवून गावी जायचं असलं काम नाही ते. रोज खाणं, रोज बघणं, एक दिवस चुकला की एकमेकींचे डेंगे (नांग्या) तोडतात, आणि डेंगा तुटलेल्या कुर्लीला अर्धा भाव. रात्री चोर. पनवेलला बसून होणार नाही, गावातल्या दोन पोरांना भागीत घ्या.

जिताड्याचं तुमच्या खारेपाटाला मी काय सांगू, शहापूर-धेरंडकडे घरापुढच्या तळ्यात जिताडा सोडायची पद्धत तुमचीच, पाहुणा आला की तळ्यातला मासा. खाऱ्यात जगतो, गोड्यात जगतो, फक्त लहान-मोठे एकत्र ठेवलेत तर मोठे लहानांना गिळतात, आकाराने वेगळे करत राहायला लागतं. पण चुलत भावाला सांगा, तळं कांदळवनात खणायचं नाही, वरच्या अंगाला.

आणि @जुनी_उघाडी, बांधाची बाजू बरोबर आहे पण एक आमची पण ऐका. दोन्ही काठांनी बांध पुढे पुढे सरकवत खाड्या अरुंद केल्यात. पूर आला की पाण्याला पसरायला जागा नाही, गाळ मधे बसतो, होड्या टेकतात. त्यामुळे कोणी मागे सरकून बांध घालतंय म्हटल्यावर मला तर आनंदच झाला.

जुनी_उघाडी

@कुर्ल्या_आणि_कालवं, मान्य. गाळाचं तर शंभर टक्के.

@खारेपाटकर, एक राहिलं. पैसे घालायच्या आधी ३७ गुंठ्यांची उंची मोजा. इंजिनियर नको, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, एक टोक बाबांच्या बांबूवरच्या सगळ्यात वरच्या खिळ्याला आणि दुसरं शेतात. नळी पुरली नाही तर मधे खुंट्या मारत टप्प्याटप्प्याने जा. शेत खिळ्यापेक्षा किती खाली आहे तेवढा बांध अधिक दोन फूट. आणि रोजच्या साध्या ओहोटीला खाडी शेताच्या खाली किती जाते ते पण मोजा, कारण ती खाली जात नसेल तर उघाडी घालून उपयोग नाही, पाणी निघणारच नाही, मग सरळ तळ्याचाच विचार करा. हा एक आकडा हातात आला की निम्मी चर्चा संपेल.

खारेपाटकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं ऑफिसात तीन वर्षांत कोणी समजावलं नव्हतं.

अपडेट देतो. विहिरीचं @कातळसडा म्हणाले तेच निघालं, शंभर-दीडशे फुटांवर नवीन बंगल्याची बोअर आहे, मालक मुंबईचा, वॉचमन म्हणतो लॉनला रोज पाणी जातं. बोलायला जाणार आहे, बघू. काळ्या रत्त्याचं विचारलं तर आई म्हणाली मावशीकडे असायचा, तिला फोन झाला, तिने दोन वर्षांपूर्वी शेवटचा पेरला, बी ठेवलंय का ते माळ्यावर चढून बघते म्हणालीये.

मधल्या बांधाला लागून अजून पाच जणांच्या जमिनी आहेत, तिघे हो म्हणाले, एक दुबईला आहे, पाचवा म्हणजे आमचे भराववाले काका. त्यांना हायकोर्टाचं सांगितलं तर म्हणे 'तुला कोणी सांगितलं, मोबाईलने?'

येत्या अमावस्येला मोठं उधाण आहे, सुट्टी टाकलीये. तीस मीटर नळी आणलीये हार्डवेअरमधून. बाबांना सांगितलं तर म्हणाले नळी कशाला, मी बघून सांगतो किती खाली आहे ते. मग जरा वेळाने त्यांचाच फोन आला, की येताना पाणी रंगवायला थोडी निळ आण, नळीत दिसत नाही साधं पाणी.